रात्री घिरट्या घालणारा ड्रोन कुणाचा? खालून कळणार कसं?

जून-जुलै २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या अनेक गावांवर रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या. चोर टेहळणी करतायत अशी चर्चा पसरली, गावकऱ्यांनी रात्री जागून पहारे दिले. विषय विधिमंडळात गेला. पण ड्रोन कुणाचा, हे खालून कुणालाच कळत नव्हतं.

उद्या हेच जत तालुक्यात घडलं, तर संशय आधी लग्नाचं शूटिंग करणाऱ्यावर किंवा घरी मॉडेल विमान बनवणाऱ्या पोरावर जाईल.

नियम काय सांगतो?

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची ऑनलाइन नोंदणी करून युनिक नंबर घ्यावा लागतो. हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायासाठी नसेल, तर पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. नियम मोडल्यास दंड १ लाखापर्यंत.

मग अडचण कुठे?

नंबर सरकारी नोंदीत असतो, आकाशात दिसत नाही. ड्रोनने आपला नंबर, जागा, उंची आणि वेग सतत कळवावा, अशी तरतूद याच नियमांत आहे. पण तिची सक्ती पुढे ढकलली गेली. सरकारने सक्ती केली, तर तयारीसाठी किमान ६ महिने द्यावे लागतील.

अमेरिकेत काय झालं?

तिथे याला रिमोट आयडी म्हणतात. मार्च २०२४ पासून त्याची कडक अंमलबजावणी आहे. घरी बनवलेल्या विमानाला वेगळं यंत्र बसवता येतं. ते नसेल, तर क्लबसारख्या संस्थांना मिळालेल्या ठरावीक मैदानांवर उडवता येतं.

आपल्याकडे सक्ती आली, तर हाच मुद्दा कळीचा ठरेल. यंत्र महाग असेल आणि मान्य मैदान फक्त पुण्या-मुंबईत असेल, तर जतच्या पोराचा छंद बंद पडेल. चोर मात्र यंत्र काढून ड्रोन उडवेल. म्हणून स्वस्त यंत्र आणि तालुक्याजवळ मैदान, दोन्ही हवं.

तोपर्यंत काय करावं?

नोंदणी करा, डिजिटल स्कायचा नकाशा आणि स्थानिक बंदी आदेश तपासा. ग्रीन झोनमध्येही ४०० फुटांची मर्यादा पाळा. उडवण्याआधी गावात सांगून ठेवा. आणि अनोळखी ड्रोन दिसला तर दगड मारू नका, ११२ वर फोन करा.