परवाना बंदुकीचा, डुकराचा नव्हे

भात पोटरीला आलं की पेण-रोह्याच्या कोर्टाबाहेर एक पक्षकार हमखास भेटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, नुकसानीचा पंचनामा आणि बंदुकीचा परवाना नाकारल्याचा कागद. परवा असाच एक कागद पाहिला. कारण म्हणून चार शब्द : ‘सबळ कारण दिसत नाही’. त्यावर आपल्याच एका वकीलबंधूने केलेल्या अपिलाचा मसुदा अकरा पानी, त्यातली सात पाने अमेरिकेवर! शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी तिथली दुसरी घटनादुरुस्ती, त्यावरचा हेलर निकाल, २०२२ चा ब्रुएन निकाल, सगळे हजर. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले भात मात्र शेवटच्या पानावर, दीड ओळीत.

शस्त्राच्या मूलभूत हक्काची ही वाट आपल्याकडे बंद आहे. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याची चीड म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून का होईना, आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामतांनी तो मूलभूत हक्कांत घालू पाहिला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि घटना समितीने तो स्वीकारला नाही. कलम १९ मध्ये शस्त्र येते ते विनाशस्त्र जमण्यापुरते. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अमेरिकेशी असलेला हा फरक बोलून दाखवला.

मग हातात काय उरते? शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम १३(३). खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर प्राधिकारी परवाना ‘देईल’ असे तिथे आहे. ‘देऊ शकेल’ नव्हे. ठासणीची पुरत नाही असे पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक ‘देऊ शकेल’. या दोन क्रियापदांत आपले सगळे अपील आहे. परवाना नाकारण्याचे कलम १४ आड येऊ शकते, पण नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावर नकार देता येत नाही. चार शब्दांचा आदेश कलम १८ च्या अपिलात टिकू नये.



अशिलाला मात्र बजावून सांगा : परवाना बंदुकीचा आहे, डुकराचा नाही. रानडुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ११ खाली वेगळी परवानगी लागते. तिच्याशिवाय बार काढला, की पीक वाचवणारा आरोपी होतो. तीच गत वडिलांमागे बंदूक माळ्यावर तशीच ठेवणाऱ्याची. वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा हवी. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक त्याच्याकडे येऊन पंचवीस वर्षे झाली, तर त्याच्या हयातीतही त्याने नेमलेल्या वारसाला अर्ज करता येतो. हे कित्येक घरांना ठाऊकच नसते.

तेव्हा वकीलमित्रहो, पुढच्या अपिलात ब्रुएन काढून टाका आणि पंचनामा पहिल्या पानावर लावा.