बॉम्बे हाय : धोका केवळ तेलविहिरींचा नाही

समुद्रातील तेल उत्खननाच्या धोक्यांची चर्चा बहुधा तेलगळतीपाशीच थांबते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'चा स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील बॉम्बे हायचा इतिहास मात्र वेगळाच इशारा देतो. १९७४ मध्ये शोध लागलेल्या या क्षेत्रातील मोठ्या दुर्घटना विहिरीपेक्षा तिच्या भोवतालच्या व्यवस्थेतून उद्भवल्या आहेत.

मे १९९३ मध्ये तेल समुद्रात गेले, ते उरणकडे येणारी वाहिनी फुटल्याने. २७ जुलै २००५ रोजी भर पावसाळ्यात एका जखमी कर्मचाऱ्याला उतरविण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज 'बीएचएन' फलाटाजवळ आले. लाटांमुळे ते वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळावर आदळले. गळती झाली, आगीचा भडका उडाला आणि अवघ्या दोन तासांत फलाट नष्ट झाला. या दुर्घटनेत २२ जणांचा बळी गेला.

त्यानंतर २००८ मध्ये समुद्रातील तेल व वायू उद्योगासाठी स्वतंत्र सुरक्षा नियम लागू झाले; तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे देखरेख सोपविण्यात आली. तरीही १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळात कामगारांच्या निवासाचा 'पी-३०५' तराफा नांगर तुटून भरकटला, एका निर्मनुष्य फलाटावर आदळला आणि बुडाला. तराफ्यावर २६१ जण होते. त्यांपैकी १८६ वाचले. हवामान विभागाने वादळाचा इशारा आधीच दिला होता.

इशारा मिळूनही तराफा समुद्रातच का राहिला, हा प्रश्न हवामानाचा नसून अधिकाराचा आहे. काम ओएनजीसीचे, ठेका एकाचा, तराफा दुसऱ्याचा आणि कामगार कंत्राटी, अशा साखळीत माघारीचा अंतिम निर्णय कोणाचा, हे संदिग्ध राहते. काम थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च कोणावर तरी पडतो. त्यामुळे निर्णय लांबणीवर टाकण्याचा मोह बळावतो. चुकीची किंमत मात्र ज्याच्या हाती कोणताच निर्णय नसतो, तो कामगार मोजतो.

देशाला इंधन हवे आहे, त्यामुळे उत्खनन थांबणार नाही. पण वादळाचा इशारा मिळताच माघार बंधनकारक करणे आणि खोळंब्याचा खर्च कोणी सोसायचा हे करारातच ठरविणे अशक्य नाही. तोवर फलाट कितीही भक्कम बांधले, तरी त्यांच्या आसऱ्याने काम करणारी माणसे असुरक्षितच राहतील.