धूर शेजाऱ्याचा, खोकला कुणाचा?

थंडी पडली की आपल्या जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवर आणि शहरातल्या जुन्या गल्ल्यांतून पहाटे बंब पेटतात. त्याबरोबर एक जुने भांडणही पेटते. ‘तुमचा धूर आमच्या घरात येतो.’ मग दोन्हीकडची मंडळी दवाखान्यात येतात. एकाला दम्याचे सर्टिफिकेट हवे असते, तर दुसऱ्याला ‘धुराने काही होत नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्यायचे असते.

धुराने होते, आणि बरेच होते. लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक असल्याने थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोचतात. त्यामुळे लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना जुनाट खोकला व दम, तर चुलीपुढे बसणाऱ्या बायकांना मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार व जड असते. धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. तेव्हा दम्याच्या शेजाऱ्याची तक्रार खोटी नसते.

मात्र तक्रारदारालाही एक सांगणे आहे. तुमच्या खिडकीत येतो तो उरलासुरला धूर. तो सर्वांत आधी जिच्या तोंडावर येतो, ती बाई कुणाकडेच तक्रार करत नाही. जन्मात विडीला हात न लावलेल्या, पण छाती मात्र विडी ओढणाऱ्यासारखी झालेल्या कितीतरी बायका मी तपासल्या आहेत. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅसची शेगडी पोचली. पण सिलिंडर पुन्हा भरणे परवडत नाही, म्हणून चहा गॅसवर आणि अंघोळीचे पाणी सरपणावर, असा संसार चालतो. तो हौसेने चालत नाही.

नुसती चिमणी बसवली की आपले घर सुटते, धूर मात्र शेजारी जातो. म्हणून मुळात धूर कमी केला पाहिजे. सरपण फोडून, वाळवून, आडोशाला ठेवावे. ओले लाकूड म्हणजे धूर आलाच. बारीक ढलप्या थोड्या थोड्या घालाव्यात आणि खालून वारा खेळू द्यावा. पेटवणासाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे, जुन्या चपला कधीही वापरू नयेत. तो धूर लाकडाच्या धुराहून घातक असतो. चिमणी छपराच्या आढ्यापेक्षा निदान दोन फूट उंच न्यावी व तिच्यातली काजळी महिन्याला काढावी. पेटता बंब बंद न्हाणीघरात मुळीच ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

दमेकऱ्याने तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी आणि पंपाचे औषध नियमित घ्यावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर धुरावर खापर न फोडता थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

तहसीलदाराकडे किंवा पोलिसांत अर्ज देता येतो, पण ती शेवटची पायरी. अर्जाने लाकूड वाळत नाही. त्याआधी शेजारी जाऊन बंब पेटवणाऱ्या बाईशीच बोलावे, आणि बोलण्याची सुरुवात तिच्या खोकल्याच्या चौकशीने करावी.