तीन फुटांचे अंतर

मागील अंकातील नामनिर्देशनावरील लेख वाचून अनेक वाचकांनी दूरध्वनी केले. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे पुढील महिन्यात देईन. या वेळी मात्र ठेवी, व्याज आणि वारस यांना थोडा विराम देऊन एका मांजरीविषयी लिहिणार आहे. विषय अगदीच वेगळा नाही, हे शेवटपर्यंत वाचल्यावर लक्षात येईल.

गेल्या आषाढात बिबवेवाडीतील आमच्या इमारतीच्या वाहनतळात एक कबरी मांजरी दिसू लागली. एक कान फाटलेला, पोट खाली आलेले, डोळ्यांत सतत धास्ती. माणसाची चाहूल लागली की ती विजेच्या मीटरांच्या पेटीमागे नाहीशी होई. चौथीत शिकणाऱ्या माझ्या नातीने तिचे नाव 'कबरी' ठेवले आणि मला बजावले, "आजोबा, तिला आपल्याशी बोलायला लावा."

लहानपणापासूनच्या समजुतीप्रमाणे मी वाटीभर दूध ठेवले. दुसऱ्या दिवशी जिना घाण झाला आणि सोसायटीच्या सचिवांनी मला आदरपूर्वक बोलावून घेतले. पुढे पशुवैद्यांनी सांगितले, की बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही आणि त्यांचे पोट बिघडते. चित्रांतून, गोष्टींतून आपण मांजरासमोर सदैव दूधच ठेवत आलो. त्याच्या पचनाची चौकशी कोणी केली नाही!

मग खायला काय द्यावे? आपल्या घरांतील खरी अडचण येथेच आहे. मांजर हा स्वभावाने नव्हे, तर शरीररचनेनेच मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते प्राणिज आहारातून मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय यांवर परिणाम होतो. दहीभात देऊन आपण आपले समाधान करू शकतो, तिचे पोषण करू शकत नाही. उलटपक्षी, आमच्या उंबरठ्याच्या आत तसले अन्न येणे शक्य नव्हते. मार्ग वरच्या मजल्यावरील वहिनींनी काढला. त्यांच्या घरी मासळी शिजते. त्या म्हणाल्या, "काका, खाण्याचे माझ्याकडे. पाणी आणि डॉक्टर तुमच्याकडे." व्यवहार ठरला. प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. त्याची वाटणी झाली, इतकेच.

वहिनी सायंकाळी सात वाजता बशी ठेवून वर जात. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहत असे. पहिल्या दिवशी बशी माझ्यापासून पंधरा फुटांवर होती. जवळून तिने तोंड लावले नसते. मी फरशीवर खडूने खूण केली आणि ठरवले, की दर आठवड्याला खूण एक फूट अलीकडे आणायची. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? रोजनिशीत तारीख, अंतर आणि 'खाल्ले' वा 'न खाल्ले' अशी नोंद होऊ लागली.

वैद्यांनी काही पथ्ये सांगितली होती. वेळ आणि जागा बदलू नये. समोरासमोर न बसता थोडे तिरके बसावे. टक लावून पाहू नये, कारण मांजराच्या भाषेत रोखलेली नजर म्हणजे धमकी. वरून हात नेऊ नये. आणि अधूनमधून डोळे सावकाश मिटून उघडावेत. हे शेवटचे मला पोरकट वाटले होते. परंतु इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोगांती हेच प्रसिद्ध केले आहे: माणसाने सावकाश डोळे मिचकावले, तर मांजर तसाच प्रतिसाद देण्याची आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येण्याची शक्यता वाढते. भाद्रपदातील एका सायंकाळी, दहा फुटांवरून, कबरीने माझ्याकडे पाहून डोळे अर्धवट मिटले. रोजनिशीत या नोंदीसाठी रकाना नव्हता. मी तो नवा आखला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा सहवास लाभला, तर ते सहज माणसाळते. तो काळ रस्त्यावर गेला, तर मोठेपणी ते मांजर कदाचित कधीच मांडीवर बसणार नाही. अशा वेळी आपले यश मांडीवरून नव्हे, फुटांवरून मोजावे.

त्या पायरीवर बसून मला भवानी पेठेतील वडिलांचे भुसार दुकान आठवे. धान्याच्या थप्प्यांमागे एक मांजर असे. तिला कोणी हात लावला नाही, कोणी हाकललेही नाही. पुढे वाचनात आले, की माणूस आणि मांजर यांचे नातेच धान्याच्या कोठारात जुळले. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठले, उंदीर आले आणि उंदरांमागोमाग रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर सापडले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ते नावेतून नेले असणार. थोडक्यात, व्यापाऱ्याची आणि मांजराची ओळख फार जुनी आहे.

श्रावणात कबरीला तीन पिल्ले झाली होती. दोन वाहनांखाली गेली. तिसरे वहिनींच्या भावाने घरी नेले. पुढे काय होणार हे स्पष्ट होते. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की विण्यास योग्य होते आणि सुमारे नऊ आठवड्यांत पिल्ले होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसर येथील एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे आढळल्याची बातमी आपण वाचली असेल. केवळ दया पुरत नाही, तिला नियोजनाची जोड लागते. वैद्यांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला.

दिवाळीनंतरची गोष्ट. तोवर कबरी माझ्या पायाशी खाऊ लागली होती. एकदा तिने माझ्या बोटाचा वास घेऊन गाल घासला होता. बाहेरून आणलेल्या माणसांच्या हाती ती लागली नसती, म्हणून पिंजरा माझ्या शेजारी ठेवला गेला. बशी आत होती. मी नेहमीसारखा तिरका बसलो आणि डोळे सावकाश मिटले. ती आत गेली. दोरी माझ्याच हातात होती.

त्या रात्री जेवताना सौ. म्हणाली, "अहो, अहिंसाणुव्रताचे अतिचार किती?" मी म्हणालो, पाच: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ती म्हणाली, "आज पिंजरा झाला, उद्या शस्त्रक्रिया आहे आणि आज रात्री तिला उपाशी ठेवायचे आहे. एका दिवसात तीन झाले." मी म्हणालो, "हेतू पाहावा लागतो." ती शांतपणे म्हणाली, "हेतू मांजरीला कुठे दिसतो?"

मला उत्तर सुचले नाही. एक जुना प्रसंग मात्र आठवला. तरुण अधिकारी असताना एका शाखेत भाजी विकणाऱ्या एक बाई दर सोमवारी येत आणि पासबुकावरील शिल्लक वाचून दाखवायला सांगत. अक्षरओळख नव्हती, माझ्या शब्दावर त्यांचा हिशेब चाले. त्यांची मुदत ठेव पूर्ण झाली, त्या आल्या नाहीत, आणि व्याजदर वाढलेला असल्याने मी त्यांच्या भल्यासाठी, त्यांना न विचारता, ती अधिक मुदतीसाठी पुन्हा गुंतवली. चार दिवसांनी त्या मुलीच्या बाळंतपणासाठी पैसे काढायला आल्या. मी त्याच दिवशी ठेव मोडून दिली, एक रुपयाही कापला नाही. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही वाईट केलं नाही. पण आता मला झोप लागायची नाही." त्यांनी खाते बंद केले. मी पुष्कळ सोमवार दाराकडे पाहत होतो. त्या आल्या नाहीत.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. ओळख म्हणून कानाचे टोक किंचित कापलेले, अशी कबरी आठवडाभराने वाहनतळात सोडली. पिंजऱ्याचे दार उघडताच ती माझ्याकडे न पाहता भिंतीवरून पलीकडे गेली. अकरा दिवस दिसली नाही. नात रोज विचारी, आणि मी रोज सात वाजता पायरीवर बसून येई.

बाराव्या दिवशी ती आली. पंधरा फुटांवर थांबली. मी खिशातून खडू काढून खूण केली, आणि वहिनींनी बशी तेथे ठेवली.

आज फाल्गुन आहे. बशी तीन फुटांवर आहे आणि तेथून पुढे सरकत नाही. कबरी खाते, पाणी पिते, थोडा वेळ बसते, कधी डोळे मिटते. बोटाजवळ येत नाही. मी खूण अलीकडे आणण्याचा आग्रह सोडला आहे. शस्त्रक्रिया करवली याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा तोच निर्णय घेईन. पण त्याची किंमत होती, आणि ती देताना 'हेतू चांगला होता' ही पावती दाखवून सूट मागता येत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळले. आपण अभयदान हा शब्द सहज वापरतो. दान देणाऱ्याला वाटते आपण दिले. पण समोरच्याचे भय खरोखर गेले की नाही, हे तोच ठरवतो.

जाता जाता काही व्यावहारिक सूचना. भटके मांजर चावले वा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारावे. मांजराला दुधाऐवजी स्वच्छ पाणी ठेवावे. पाळलेले मांजर कंटाळून रस्त्यावर सोडू नये; १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो अपराध आहे. आणि आपल्या दुकानाच्या, गोदामाच्या आसपास एखादी कबरी असेल, तर तिला जवळ ओढण्याची घाई करू नये. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसावे. किती फुटांवर थांबायचे, हे तिला ठरवू द्यावे.