‘ग्रुपवर राजकारण नको’ म्हणजे काय नको?

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत जुन्या कॉलेज बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप आता गावोगावी झाले आहेत. पन्नाशी आली, मुले शिकायला बाहेर गेली, घर रिकामे झाले की माणसाला वर्गातले सोबती आठवतात. आठवावेतच. पण या ग्रुपांवर पाऊल टाकताच ॲडमिनची पाटी दिसते: ‘इथे राजकारण नको.’ माझे भांडण या पाटीशी आहे. ज्या दोन तालुक्यांत खाणीने आणि विमानतळाने घरेच्या घरे वर आणली आणि घरेच्या घरे बुडवली, तिथे राजकारण नको याचा अर्थ एकच होतो: ज्यांचे बुडाले त्यांनी तोंड उघडू नये.

हा नियम करणारे आपण कॉलेजात पोचलो कसे, तेवढे तरी आठवून पाहावे. पोर्तुगीज असेपर्यंत पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मुलाला बी.ए., बी.कॉम. व्हायचे तर मुंबई, बेळगाव, धारवाड गाठावे लागे. ते ज्याच्या घरी परवडे तोच शिके. 1961 साली गोवा मुक्त झाला, 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज निघाले, पाठोपाठ म्हापशाला सेंट झेवियर्स आले. पुढे विर्नोड्याला आणि साखळीला सरकारी कॉलेजे झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गोव्याचे विद्यार्थी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरले. 1980 साली सरकारी बससेवेचे कदंब महामंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याचा, मजुराचा, भंडाऱ्याचा मुलगा वर्गात आपल्या शेजारी बसला तो या सगळ्या धडपडीमुळे. राजकारण झाले म्हणून आपण वर्गमित्र झालो. आता त्याच मैत्रीच्या नावाने राजकारणाला दार बंद करणे हा निव्वळ कृतघ्नपणा आहे.

डिचोलीचे उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात पदवी घेतलेल्या कितीतरी जणांनी नोकरीची वाट पाहिली नाही. बँकेचे कर्ज काढले, ट्रक घेतला आणि तो खनिजावर लावला. चीनची मागणी वाढली तशी ट्रकांची संख्या वाढली. घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे काही काळ धंदा पुन्हा सुरू झाला. मग 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे ठप्प झाले. ट्रक अंगणात गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. याच वर्गात दुसरा मुलगाही होता. खाणीचा गाळ पावसात वाहून त्याच्या बापाच्या शेतात बसला होता, आणि शिरगावसारख्या गावांत विहिरी आटल्या होत्या. पहिल्याला बंदीने मारले, दुसऱ्याला खाणीने. दोघे एका बाकावर बसून शिकले. बंदी बरोबर की चूक, उत्खनन कुठवर व्हावे, नुकसानीचा हिशेब कोणी द्यावा, हे एकमेकांच्या तोंडावर बोलण्याचा अधिकार या दोघांपेक्षा जास्त कोणाला आहे? 2024 मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. आमची घरे आणि देवळे लीजमधून वगळा, अशी मागणी मुळगावच्या लोकांनी लावून धरली. बॅचच्या ग्रुपवर त्याच दिवसांत काय चालले होते? गुलाबाच्या फुलांसह ‘शुभ सकाळ’.

पेडण्याचे तेच. मोपच्या पठारावर विमानतळ येणार, हे ऐकत एक पिढी म्हातारी झाली. जमिनी संपादित झाल्या, झाडे तुटली, पठारावरची धनगरांची घरे उठली. 2019 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवान्याला स्थगिती दिली आणि 2020 च्या जानेवारीत ती उठवली. 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झाले, जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. आता वर्ग मोजा. एकाची काजूची बाग गेली. एक टॅक्सीच्या काउंटरसाठी धरणे धरून बसला. एकाने वेळीच जमिनी फिरवल्या आणि तो गब्बर झाला. एक सरकारी कार्यालयात बसून याच फायलींवर सह्या करत होता. एकाच्या मुलीला विमानतळावर नोकरी लागली आणि तिचे घर सावरले. यातला प्रत्येक जण आपापल्या जागी काही खरे सांगू शकतो. ही मंडळी समोरासमोर बसून बोलली असती, तर तालुक्यातल्या कोणत्याही जाहीर सभेपेक्षा जास्त शहाणपण त्या बैठकीतून निघाले असते. आमच्या ग्रुपवर एकाने भूसंपादनाची नोटीस टाकून ‘याला हरकत कशी घ्यायची?’ एवढेच विचारले. ॲडमिनने ती काढायला लावली. नोटीस आलेला माणूस चार दिवसांनी ग्रुप सोडून गेला. कोणी त्याला फोन केला नाही.

यावर उत्तर ठरलेले असते. आम्ही दोन घटका हसायला जमतो, भांडणे काय घरी कमी आहेत, राजकारणाने कितीतरी ग्रुप फुटले. त्यातले एक मला मान्य आहे. दिल्ली-मुंबईहून फिरत आलेले विषारी संदेश, कोणाच्या जातिधर्मावर थुंकणारे व्हिडिओ यांना बंदी हवीच, आणि ती कडक हवी. पण ही पाटी त्यांना अडवत नाही. ते संदेश सणावाराच्या शुभेच्छांत मिसळून बिनबोभाट येतात. मंत्र्याच्या वाढदिवसाचा फलक येतो. आमदाराच्या खांद्याला खांदा लावून काढलेला फोटो येतो आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो. आमदाराबरोबरचा फोटो चालतो, आमदाराला विचारलेला प्रश्न चालत नाही. म्हणजे राजकारण चालतेच. ज्याचे सत्तेशी जमले आहे त्याचे चालते, ज्याचे सत्तेने बिघडवले आहे त्याचे चालत नाही.

या पाटीचे दुसरे अंग म्हणजे वर्गणी. स्नेहमेळावा म्हटला की मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावरचे रिसॉर्ट, एकसारखे टी-शर्ट, रात्रीचे जेवण, दारू, डीजे, ड्रोनने काढलेले फोटो. ट्रकचे कर्ज फेडणारा माणूस तिथे येत नाही. ‘यंदा जमत नाही’ एवढेच लिहितो आणि सगळे ते खरे मानतात, कारण खरे मानणे सोयीचे असते. सावंतवाडीला, दोडामार्गला लग्न करून गेलेली वर्गभगिनी येत नाही. सासूचे औषधपाणी सोडून रात्रभर राहणे तिला शक्य नसते, आणि तिला सोयीची वेळ कोणती, हे तिला कोणी विचारलेले नसते. मग जे आले त्यांचा फोटो ‘आमची बॅच’ म्हणून झळकतो. ती बॅच नसते. ती बॅचमधल्या पैसेवाल्यांची सहल असते.

भेटायला रिसॉर्ट लागतेच कशाला? या मुलखात माणसांनी भेटावे अशा जागा आपल्या पूर्वजांनी लावून ठेवल्या आहेत. पेडण्याची पुनव आहे. शिरगावची लईराईची जत्रा आहे. डिचोलीचा नवा सोमवार आहे. चवथीला तर अर्धे जग गावात परत येते. तिथे वर्गणी नाही, टी-शर्ट नाही. ‘खंय आसा रे तूं?’ एवढे विचारून देवळाच्या पायरीवर बसता येते. सुरुवात तिथून करा.

आणि ग्रुपचा उपयोग करा. पन्नाशीच्या बॅचमध्ये वकील असतो, बँकेतला अधिकारी असतो, डॉक्टर असतो, पंच असतो, मामलेदार कचेरीची रीत पाठ असलेला कारकून असतो. एवढी माणसे ज्याच्या फोनमध्ये आहेत त्या वर्गमित्राला कर्जाच्या तडजोडीसाठी दलालाकडे जावे लागते, माहिती अधिकाराचा अर्ज पैसे देऊन लिहून घ्यावा लागतो, ही आपली लाज आहे. कोणी मेला की मात्र ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या ओळी एकाखाली एक चिकटवल्या जातात. जिवंतपणी ज्याचे दार वाजवले नाही, त्याला हात जोडलेले चित्र पाठवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

वर्गमित्र एकमेकांशी भांडतील. खाण, मोप, जमिनीचे रूपांतर, मराठी-कोंकणी, सगळ्यावर भांडतील. विशीत आपण कँटीनमध्ये तासन्‌तास भांडलो आणि एकाच बसने घरी गेलो. जी मैत्री तेव्हा भांडण पचवत होती तिला आता भांडणाची भीती वाटते, कारण मधल्या काळात काहींजवळ झाकण्यासारखे पुष्कळ साठले आहे. त्यांच्या सोयीसाठी बाकीच्यांनी गप्प बसू नये.

म्हणून ॲडमिन मंडळींनो, ती पाटी आजच काढा. गेल्या पाच वर्षांत ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी करा. पुढच्या मेळाव्याचे पैसे बाजूला ठेवा आणि त्या प्रत्येकाच्या घरी दोघे-तिघे जा. तो रागाने बोलेल, ते ऐकून घ्या. ज्याला हेही जमत नसेल त्याने मेळावे खुशाल भरवावेत, पण त्यांना मैत्रीचे नाव देऊ नये.