व्यासपीठ बंगळुरूत, कसोटी औरादच्या शिवारात

बंगळुरू तंत्रज्ञान परिषदेचे अठ्ठाविसावे पर्व १८ ते २० नोव्हेंबर २०२५ या काळात पार पडले. अशा परिषदांत नवउद्यमांच्या तरुण विकासकांना आपले संकेतस्थळ वा प्रणाली दाखवण्यासाठी काही मिनिटे मिळतात. माहिती आधीच भरलेली असते, पडद्यावर सारे सुरळीत चालते आणि टाळ्याही पडतात. परंतु प्रात्यक्षिक यशस्वी होणे आणि साधन उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांतील अंतर मोजायचे असेल, तर बंगळुरूपासून सुमारे सातशे किलोमीटर उत्तरेला, बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात जावे लागेल.

राजधानीबाहेर उद्योग नेण्याचा कर्नाटकाचा संकल्प कागदावर भक्कम आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या स्टार्टअप धोरणात पाच वर्षांसाठी ५१८ कोटी रुपयांची तरतूद असून, २५ हजार नवउद्यमांपैकी १० हजार बंगळुरूबाहेर उभे करण्याचे लक्ष्य आहे. माहिती तंत्रज्ञानमंत्री प्रियांक खर्गे हे कलबुर्गी जिल्ह्यातील चित्तापूरचेच. कलबुर्गीचे पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालय १९५८पासून, तर बिदरचे गुरू नानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय १९८०पासून पदवीधर घडवीत आहे. उणीव बुद्धीची नाही. उणीव आहे ती गावातच ग्राहक मिळण्याची. म्हणून येथला पदवीधर हैदराबाद, पुणे वा बंगळुरूची वाट धरतो.

वस्तुतः काम त्याच्या दाराशीच पडून आहे. २०००च्या सुमारास सुरू झालेल्या ‘भूमी’ प्रकल्पाने कर्नाटकातील ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे दोन कोटी जमीन उतारे संगणकावर आणले. हस्तलिखित उताऱ्यांतील फेरफारींना त्यामुळे मोठा आळा बसला. परंतु हा उतारा, म्हणजेच ‘पहाणी’, कन्नडमध्ये असते. नवव्या रकान्यात मालकाचे नाव, अकराव्यात कर्जाचा बोजा व इतर हक्क. औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील केवळ मराठी वाचणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीवरचा बोजा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

ही स्थिती १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेतून आली. हैदराबाद संस्थानातील जुना बिदर जिल्हा तेव्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यासह मुंबई राज्यात गेले, तर उर्वरित बहुतेक भाग म्हैसूर राज्यात. भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के वा त्याहून अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व त्याच काळापासून मान्य आहे. पूर्वी अनुवादक आणि छपाईचा खर्च ही सबब होती. २०२२मध्ये केंद्राने ‘भाषिणी’ हा भाषांतराचा मंच खुला केल्यानंतर तीही दुबळी झाली आहे.

मात्र केवळ भाषेवर नवउद्यम तगत नाही. मार्च २०२०मध्ये कन्नडपासून सुरुवात करून मराठीसह अनेक भारतीय भाषांत पोहोचलेले बंगळुरूचे ‘कू’ भागीदारीच्या वाटाघाटी फिसकटल्यावर जुलै २०२४मध्ये बंद पडले. कौतुक भरपूर झाले, उत्पन्नाचा पाया मात्र उभा राहिला नाही. अनुदान विकासकाला व्यासपीठापर्यंत नेते; त्याला टिकवतो तो पहिला पैसे देणारा ग्राहक. सीमाभागात तो ग्राहक शासनानेच व्हावे. पहाणीचे मराठी वाचन करून देणारी सेवा स्थानिक नवउद्यमाकडून रीतसर निविदेने घेता येईल.

यात कन्नडच्या राजभाषेच्या स्थानाला बाध येत नाही. कायदेशीर दस्तऐवज कन्नडच राहील; मराठी मजकूर समजण्यापुरता असेल. दक्षता हवी ती अचूकतेची. गुंठ्यांचा आकडा वा वारसाचे नाव यंत्राने चुकवले, तर सोय सोडून भावकीत तंटाच उभा राहील. म्हणून महसुली शब्दांचा कोश जाणकारांकडून तपासून घेतला पाहिजे आणि चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी करारातच निश्चित केली पाहिजे.

गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापरालाही वाव ठेवला. कायद्यातील ती भाषा सरकारी संकेतस्थळांवर कितपत उतरली, हे प्रत्येक वाचक आपल्या अनुभवावरून सांगू शकेल. पुढच्या परिषदेत विकासकांनी तयार माहितीऐवजी औरादच्या एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याची पहाणी उघडून दाखवावी. त्याला आपल्या जमिनीवरचा बोजा स्वतः वाचता आला, तरच ते प्रात्यक्षिक यशस्वी म्हणावे.