लेबलावरचे खोटे आणि कायद्याचे हात

औषधाच्या बाटलीवरचे लेबल दोन गोष्टी सांगते. आत काय आहे आणि त्याने कोणता रोग बरा होतो. पहिली गोष्ट प्रयोगशाळेत तपासता येते. दुसरीत खोटे बोलणाऱ्याला पकडताना सरकारची कशी दमछाक होते, ते अमेरिकेतील पेटंट औषधांच्या इतिहासात दिसते. ('पेटंट' हे नावही फसवेच! बहुतेकांनी पेटंट घेतलेलेच नव्हते, कारण त्यासाठी आतला मसाला उघड करावा लागतो.)

विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रडक्या बाळांना शांत करणारे सरबत सर्रास मिळे. बाळ शांत होई ते त्यातल्या मॉर्फिनमुळे, आणि काही बाळे पुन्हा उठतच नसत. १९०६ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अन्न व औषध कायद्यावर सही केली. औषधात दारू, अफू, मॉर्फिन, कोकेन असेल तर तसे लेबलावर छापणे सक्तीचे झाले. घालूच नका, असे मात्र कायदा म्हणत नव्हता.

पुढे कॅन्सस सिटीच्या एका इसमाने आपल्या औषधांनी कॅन्सर बरा होतो असे लेबलावर छापले. सरकारने खटला भरला. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायदा फक्त आतील द्रव्यांविषयीच्या खोट्याला लागू आहे, गुणाविषयीच्या दाव्याला नाही. म्हणजे साखरेच्या गोळीवर 'साखर' असे प्रामाणिकपणे छापा आणि खुशाल कॅन्सरवर विका! पुढच्याच वर्षी दुरुस्ती झाली, पण विक्रेत्याचा हेतू फसवण्याचाच होता हे सरकारने सिद्ध करायचे होते. "माझी माझ्या औषधावर श्रद्धा आहे" म्हणणाऱ्याच्या मनात कोण शिरणार?

१९३७ साली तर कहरच झाला. सल्फानिलामाइड हे औषध पातळ करण्यासाठी एका कंपनीने डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरले. शंभरावर माणसे दगावली, त्यात लहान मुले पुष्कळ. तरी तपासल्याविना विषारी औषध विकले म्हणून कलम लावता येईना. सापडला तो बाटलीवरचा एक शब्द, 'एलिक्झिर'. एलिक्झिरमध्ये अल्कोहोल असायला हवे, यात ते नव्हते. म्हणून लेबल खोटे! एवढ्या आधारावर सरकारी निरीक्षकांनी गावोगाव हिंडून बाटल्या जप्त केल्या. 'सोल्यूशन' असे छापले असते तर हात बांधलेलेच राहिले असते. १९३८ च्या नव्या कायद्याने विक्रीपूर्वी नवे औषध सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक केले आणि हेतू सिद्ध करण्याची अटही काढली.

याच द्रव्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून १४ बळी घेतले. न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली, ते अनेकांना आठवत असेल.

दाव्यांच्या बाबतीत आपला १९५४ चा जादूटोणा-औषधे व आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा खरे तर अमेरिकेच्या जुन्या कायद्याहून कडक. तो लेबल आणि वेष्टनालाही जाहिरात मानतो. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार आमच्या औषधाने बरा होतो असे लोकांपुढे छापणे हाच गुन्हा. हेतूचा प्रश्नच नाही. तरी एस. टी. स्टँडलगतच्या भिंती पाहा! १९५४ साली पहिल्या गुन्ह्याला ठेवलेली शिक्षा होती जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. लाखोंची उलाढाल करणाऱ्याला तिची काय भीती? शिवाय खटले भरायला निरीक्षक हवेत. २०२४ साली पतंजलीने वृत्तपत्रांत माफी छापली, तीही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. प्रत्येक भिंतीसाठी दिल्ली गाठायची काय?

आणखी एक. अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो. त्यात वृत्तपत्रे आली, जिल्हा वृत्तपत्रेही आली. तेव्हा मधुमेह मुळासकट घालवणारी बाटली कोणी खपवत असेल, तर वेष्टन आणि पावती टाकून देऊ नका. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जाहिरात वृत्तपत्रात आली असेल तर तारखेसह कात्रणही जोडा, मग ते वृत्तपत्र कोणतेही असो.